तालमूदचं एक पान जोडीनं कसं वाचावं

येशिव्हा, म्हणजे ज्यूंच्या धर्मपाठशाळा, यांचा इतिहास शिकायचा असेल तर सनावळीपासून सुरुवात करू नका. तालमूद म्हणजे ज्यूंचे धर्मनियम आणि त्यांवरची चर्चा यांचा ग्रंथ. त्याचं एक छापील पान उघडा. हजार वर्षांतल्या शाळा त्या पानावर शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. मी इतिहास शिकवते आणि माझी जोडीदार वकिली करते. आम्ही दोघी ज्या रीतीनं वाचतो तीच इथे सांगते.

पान निवडा 21अ, तालमूदच्या ‘बाबा मेत्सिया’ या भागातलं. विषय साधा आहे: वाटेत सापडलेली वस्तू कोणाची? येशिव्हांत नवख्या मुलांना बहुधा हेच प्रकरण आधी देतात, कारण मंदिरातल्या यज्ञविधींची माहिती नसली तरी ते कळतं. पोथीसारखं इथेही पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच आकडा असतो, म्हणून अ आणि ब. सेफारिया या संकेतस्थळावर मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर विनामूल्य मिळतं. पण विल्ना आवृत्तीच्या पानाचं चित्रही शेजारी ठेवाच. विल्ना, म्हणजे आजचं व्हिल्न्युस, इथल्या रोम आडनावाच्या कुटुंबाच्या छापखान्यानं ती 1880च्या दशकात काढली. मांडणी मात्र त्याहून बरीच जुनी, व्हेनिसमध्ये 1520 ते 1523 या काळात डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकानं छापलेल्या तालमूदची. पानांचे आकडे तेव्हापासून तेच आहेत.

एकट्यानं वाचू नका. जोडीला हव्रूता म्हणतात, आणि जोडीदार आपल्याशी सहमत होणारा नसलेलाच बरा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रत्येक वाक्यानंतर विचारायचं: हे कोण बोलतंय? प्रश्न आहे, उत्तर आहे की पुरावा? जुन्या पानावर विरामचिन्हं जवळजवळ नसतात, त्यामुळे हे ठरवणं हाच निम्मा अभ्यास. येशिव्हाच्या दालनात शांतता नसते, अशा शेकडो जोड्या एकाच वेळी वाद घालत असतात. आजच्या बेलारूसमधल्या वोलोझिन इथे रब्बी (ज्यूंचे धर्मपंडित) हाईम यांनी 1803 साली काढलेल्या येशिव्हात तर पाळ्या लावून रात्रंदिवस अभ्यास चाले. गावोगावी माणसं पाठवून तिथे निधी गोळा होई, म्हणून विद्यार्थ्यांना रोज कोणाच्या तरी घरी वारानं जेवावं लागत नसे. रशियन सरकारनं 1892 साली ती बंद पाडली, पण तिथल्या धाटणीवर पुढे लिथुआनियाभर शाळा निघाल्या.

आता पानाच्या मध्यभागी या. आधी मिश्ना, म्हणजे मूळ नियम. रोमनांनी इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडल्यावर योहानन बेन झक्काई यांनी याव्ने इथे विद्वानांना एकत्र केलं. त्या परंपरेतले नियम यहुदा हनासी यांनी गालीलमध्ये इ.स. 200च्या सुमारास संकलित केले. इथली मिश्ना यादीच देते: विखुरलेलं धान्य, विखुरलेली नाणी, माशांच्या माळा, मांसाचे तुकडे, हे सापडणाऱ्याचं. यादी वाचून पान झाका आणि जोडीदाराला तोंडी सांगा. का, हे अजून विचारू नका.

का, हे गेमारा, म्हणजे मिश्नेवरची चर्चा, विचारते. इथून तुम्ही बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुरा आणि पुम्बेदिता इथल्या शाळांत असता. अदार आणि एलूल या दोन महिन्यांत कामधंदा सोडून लोक तिथे शिकायला जमत. गेमाराचा पहिलाच प्रश्न: विखुरलेलं म्हणजे किती? उत्तर येतं, चार हात जागेत एक काव (हे जुनं माप) धान्य. कारण ते वेचायचे कष्ट मालक घेणार नाही, तो त्यावर पाणी सोडेल. लगेच रब्बी यिर्मिया विचारतात: दोन हात जागेत अर्धा काव असेल तर? आणि तिळाचं काय? खजुराचं, डाळिंबाचं? गेमारा हे प्रश्न अनिर्णित ठेवते. इथे घाईनं पुढे जाऊ नका. नियमामागचं कारण कष्ट की किंमत, हे त्या प्रश्नांमुळेच उघडं पडतं. याच यिर्मियांना एका प्रश्नापायी अभ्यासगृहातून बाहेर काढल्याचं तालमूदच सांगतं, आणि परत घेतल्याचंही. मला ते फार जवळचे वाटतात.

अडलात की पानाच्या शिवणीकडच्या स्तंभात पाहा. तिथे राशी या नावाचे भाष्यकार आहेत, उत्तर फ्रान्समधल्या त्रुवा गावचे (1040–1105). जर्मनीतल्या माइन्झ आणि वॉर्म्सच्या शाळांत शिकून आलेला हा माणूस तुम्ही जिथे अडखळणार नेमक्या त्याच शब्दावर दोन ओळी लिहून ठेवतो. आधी स्वतः अडखळा, मगच त्याच्याकडे जा. बाहेरच्या कडेला तोसाफोत, म्हणजे राशींचे नातू आणि त्यांच्यानंतरचे पंडित यांची टिपणं. ते राशींनाच आव्हान देतात आणि दुसऱ्या कुठल्या पानावरचा विरोध दाखवतात. पहिल्या वाचनात एकच तोसाफोत पुरे.

रब्बी होण्याचा अभ्यास वेगळा असतो. त्यासाठी पारंपरिक येशिव्हांत प्रामुख्यानं शुल्हान आरुख या ज्यू कायद्याच्या ग्रंथातला योरे देआ हा भाग पक्का करतात, मांस-दुधाचे आणि खाण्यापिण्याचे नियम, आणि परीक्षा देऊन स्मिखा, म्हणजे रब्बी म्हणून मान्यता, मिळवतात. ब्रेस्लाउमध्ये (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) 1854 साली निघालेल्या सेमिनरीनं, म्हणजे रब्बी घडवणाऱ्या संस्थेनं, त्याला इतिहास आणि भाषाशास्त्र जोडलं. पण हे पान तसल्या कोणत्याही पदवीसाठी वाचायचं नाही.

पान उलटा. 21ब वर अब्बये आणि रावा या बॅबिलोनियातल्या दोन पंडितांचा वाद सुरू होतो: वस्तू पडल्याचं मालकाला कळलेलंच नाही, पण कळलं असतं तर त्यानं आशा सोडली असती. मग ती सोडली असं धरायचं का? रावा म्हणतात धरायचं, अब्बये म्हणतात नाही. माझी जोडीदार हटकून रावांच्या बाजूनं उभी राहते. निकाल 22ब वर आहे. तो आधी पाहू नका, एकेक बाजू घ्या, पुराव्यागणिक भांडा, आणि 22अ संपताना बाजू बदला.