जपानी ॲनिमेशन दिग्दर्शकाचा विकिपीडियावरील चरित्रलेख कसा सुधारावा

मराठी विकिपीडियावर परदेशी दिग्दर्शकाचा लेख उघडला की पुष्कळदा एवढेच हाती लागते: जन्म-मृत्यूची ओळ, चित्रपटांची नावे आणि कुठल्यातरी पुरस्काराचा उल्लेख. अशा लेखात मजकूर वाढवणे सोपे असते. अवघड असते ती वाढवलेल्या प्रत्येक वाक्याची तपासणी. जपानी ॲनिमेशनच्या बाबतीत चुका ठरावीक जागी होतात: श्रेय, तारखा आणि नावांचे लेखन. पुढची कृती सातोशी कोन (१९६३–२०१०) यांच्या उदाहरणावर दाखवली आहे. चार पूर्ण लांबीचे चित्रपट आणि एक दूरचित्रवाणी मालिका एवढेच त्यांचे प्रमुख दिग्दर्शन असल्याने लेख आवाक्यात राहतो आणि नेहमीचे सगळे खाचखळगेही त्यात भेटतात.

आधी मोजदाद

लेख थेट संपादित करायला घेऊ नका. सदस्यपानाखालच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) त्याची प्रत घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: संदर्भ आहे आणि तो तेच सांगतो, संदर्भ आहे पण तो हे सांगत नाही, संदर्भच नाही. दुसऱ्या गटातली वाक्ये सर्वांत घातक. तळटीप दिसली की पुढचा वाचक ती उघडून बघत नाही.

लेखाचा इतिहास आणि चर्चापानही चाळा. एखादी तारीख तीनदा बदलली गेली असेल, तर त्यामागे बहुधा दोन वेगळे स्रोत आहेत. बिनसंदर्भाच्या निरुपद्रवी वाक्याला ‘संदर्भ हवा’चा साचा लावून थोडा काळ थांबता येते. हयात व्यक्तीबद्दलचे वादग्रस्त विधान मात्र बिनसंदर्भ असेल तर तेव्हाच काढायचे. कोन यांचे निधन झाले असले तरी त्यांचे अनेक सहकारी हयात आहेत, तेव्हा हा नियम या लेखालाही लागू पडतो.

स्रोतांची चाळण

आयएमडीबी आणि मायॲनिमेलिस्ट ही माहितीसंग्रहाची संकेतस्थळे संदर्भ म्हणून वापरू नका. तिथली माहिती वाचकच भरतात. ॲनिमे न्यूज नेटवर्कच्या बाबतीत भेद करावा लागतो. त्यांच्या बातम्या आणि मुलाखती चालतात, पण त्याच संकेतस्थळाचा ‘एनसायक्लोपीडिया’ विभाग सदस्यांनी भरलेला असल्याने चालत नाही. पत्ता एकाच संकेतस्थळाचा दिसतो, म्हणून हे सहज नजरेतून सुटते.

चालणारे स्रोत असे: मोठ्या वृत्तपत्रांतले मृत्युलेख, चित्रपट महोत्सवांची अधिकृत संग्रहपाने, जपानचा मीडिया आर्ट्स डेटाबेस, छापील मुलाखती आणि चित्रपटाची स्वतःची श्रेयनामावली. कोन यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे लेखन त्यांचे शिक्षण, आजार किंवा मते यांच्यासाठी वापरता येते. त्यांचा चित्रपट श्रेष्ठ होता की नाही, हे मात्र त्या पानावरून ठरवता येत नाही. जुनी जपानी पाने नाहीशी होतात, म्हणून दुवा देतानाच त्याची वेब-संग्रहातली प्रतही जोडा आणि पाहिल्याची तारीख लिहा.

जपानी येत नसेल तरी काम अडत नाही. ब्राउझरचे भाषांतर दिशा दाखवते, तारखा आणि नावे मूळ पानावर नजरेने जुळवता येतात. वर्ष राजशकात (सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजलेले) असेल तर शोवा वर्षात १९२५ आणि हेइसेइ वर्षात १९८८ मिळवा: शोवा ३८ म्हणजे १९६३, हेइसेइ २२ म्हणजे २०१०.

श्रेय: इथे सर्वाधिक वेळ द्या

जपानी ॲनिमेशनमध्ये ‘दिग्दर्शन’ या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळी कामे येतात. ‘कान्तोकु’ म्हणजे संपूर्ण चित्रपटाचा किंवा मालिकेचा दिग्दर्शक. ‘एन्शुत्सु’ म्हणजे मालिकेच्या एका भागाची प्रत्यक्ष हाताळणी करणारा. ‘एकोन्ते’ म्हणजे स्टोरीबोर्ड काढणारा. आणि ‘साकुगा कान्तोकु’ म्हणजे चित्रकारांची रेखाटने तपासून, दुरुस्त करून एकसारखी ठेवणारा. इंग्रजी श्रेयात या शेवटच्या कामाला ‘ॲनिमेशन डायरेक्टर’ म्हणतात आणि मराठीत येईपर्यंत त्याचा ‘ॲनिमेशन दिग्दर्शक’ होतो. अशा रीतीने ज्याने चित्रे सुधारली त्याच्या नावावर अख्खा चित्रपट चढतो. मराठीत ‘रेखाटन पर्यवेक्षक’ असे लिहून कंसात जपानी संज्ञा देवनागरीत द्यावी.

कोन यांच्या लेखात हा घोटाळा त्यांच्या सुरुवातीच्या कामांत होतो. ‘मेमरीज’ (१९९५) या तीन भागांच्या चित्रपटातील ‘मॅग्नेटिक रोझ’ची पटकथा त्यांची आहे, दिग्दर्शन कोजी मोरिमोतो यांचे. ‘पॅटलेबर २’ (१९९३) मध्ये त्यांनी लेआउटचे (दृश्यांच्या आराखड्याचे) काम केले. दिग्दर्शक मामोरू ओशिई. म्हणून कारकिर्दीचा तक्ता करताना चार रकाने ठेवा: वर्ष, कलाकृती, नेमके काम, संदर्भ. ‘नेमके काम’ रिकामे राहत असेल तर ती ओळ तक्त्यात घेऊच नका. दिग्दर्शित कामे आणि इतर कामे यांचे तक्तेही वेगळे ठेवा.

मालिकेबाबत आणखी एक काळजी. ‘पॅरानोया एजंट’ (२००४) १३ भागांची आहे. कोन मालिकेचे दिग्दर्शक, पण निरनिराळ्या भागांची हाताळणी निरनिराळ्या लोकांनी केली. ‘सर्व १३ भाग दिग्दर्शित केले’ असे वाक्य खरे वाटते आणि तरी चुकीचे ठरते.

मूळ कथा कोणाची, तेही लिहा. कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ योशिकाझू ताकेउची यांच्या कादंबरीवर आधारित आहे, ‘पप्रिका’ यासुताका त्सुत्सुई यांच्या. पटकथाकार, संगीतकार (तीन कलाकृतींसाठी सुसुमू हिरासावा) आणि निर्माते मासाओ मारुयामा यांची नावे आली की लेख एकट्या माणसाची स्तुती न राहता मॅडहाउस स्टुडिओत चाललेल्या कामाचे वर्णन होतो.

एका चित्रपटाला दोन वर्षे

‘परफेक्ट ब्लू’ १९९७ चा की १९९८ चा? दोन्ही बरोबर. माँट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात तो ऑगस्ट १९९७ मध्ये दाखवला गेला आणि जपानमध्ये २८ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रदर्शित झाला. ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ त्याच महोत्सवात जुलै २००१ मध्ये आला, जपानी चित्रपटगृहांत १४ सप्टेंबर २००२ रोजी. ‘पप्रिका’ व्हेनिसला सप्टेंबर २००६ मध्ये आणि जपानमध्ये २५ नोव्हेंबरला. म्हणून दिग्दर्शित चित्रपटांच्या तक्त्यात ‘वर्ष’ऐवजी ‘प्रथम प्रदर्शन’ आणि ‘जपानमधील प्रदर्शन’ असे दोन रकाने करा. एकच रकाना ठेवला तर कोणीतरी सद्भावनेने तो ‘दुरुस्त’ करणार, दुसरा कोणी पुन्हा उलटवणार.

या फरकाने पुरस्कारही विचित्र दिसू लागतात. ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ला जपान मीडिया आर्ट्स महोत्सवाचा २००१ चा सर्वोच्च पुरस्कार ‘स्पिरिटेड अवे’सोबत विभागून मिळाला. तक्त्यात केवळ २००२ असेल तर चित्रपटाआधी पुरस्कार आला असे वाटते आणि कोणी तो खोटा समजून काढून टाकतो.

वयाचे गणितही करून पाहा. जन्म १२ ऑक्टोबर १९६३, मृत्यू २४ ऑगस्ट २०१०. वजाबाकी ४७ सांगते, पण वाढदिवस यायचा होता, वय ४६.

नावे देवनागरीत उतरवताना

इंग्रजी वर्णांवरून नव्हे, जपानी काना (उच्चार दाखवणाऱ्या) अक्षरांवरून लिहा. जपानीत ‘ऑ’ हा स्वर नाही, त्यामुळे ‘कॉन’ चूक, ‘कोन’ बरोबर. तसेच ‘ओतोमो’, ‘ऑटोमो’ नव्हे. तिथला ‘त’ दंत्य आहे. ‘झ’ मराठीत आपण ‘झेंडा’मध्ये उच्चारतो तसाच ठेवावा: मियाझाकी, योशिकाझू. टोकियो मात्र मराठीत रुळले आहे, ते तोक्यो करण्याचा हट्ट नको. जपानीत आडनाव आधी येते. मराठी लेखाच्या शीर्षकात ‘सातोशी कोन’ ठेवून पहिल्या ओळीत मूळ क्रम द्यावा आणि ‘कोन सातोशी’ या नावाने पुनर्निर्देशन करावे.

‘होता’ लिहायचे की ‘होते’, यावर मराठी विकिपीडियावर दोन्ही प्रकार दिसतात. लेखात आधी जे आहे तेच शेवटपर्यंत चालवा. अर्धा लेख एकवचनात आणि अर्धा आदरार्थी, हे सर्वांत वाईट.

शैली, प्रभाव आणि दंतकथा

कोन यांच्या चित्रपटांत एका दृश्यातली हालचाल पुढच्या दृश्यात वेगळ्याच जागी पूर्ण होते आणि स्वप्न, पडदा व वास्तव यांच्या सीमा पुसल्या जातात. हे तुम्हाला स्वतःला दिसले म्हणून लेखात येऊ शकत नाही. ते विकिपीडियाच्या भाषेत मौलिक संशोधन, म्हणजे संपादकाचा स्वतःचा निष्कर्ष, ठरते. कोणत्या समीक्षकाने, कुठे, कोणत्या चित्रपटाबद्दल म्हटले, ते सांगून लिहा. ‘अनेक समीक्षकांच्या मते’ हा शब्दप्रयोग दिसला की तिथे नाव भरा किंवा वाक्य खोडा.

प्रभावाच्या विभागात एक कथा हमखास शिरते: ‘रिक्वीम फॉर अ ड्रीम’ या अमेरिकी चित्रपटातल्या बाथटबच्या दृश्यासाठी ‘परफेक्ट ब्लू’चे हक्क विकत घेतले गेले. ती छापणारी बरीच पाने एकमेकांच्याच हवाल्यावर उभी आहेत. दोन दृश्यांमधील साम्य समीक्षकांनी दाखवले आहे, इतकेच संदर्भासह लिहा. व्यवहाराचा दावा करायचा तर त्यात सामील असलेल्यांचे वक्तव्य हवे.

पुरस्कारांत ‘पात्र’, ‘नामांकित’, ‘स्पर्धेत निवड’ आणि ‘विजेता’ हे चार शब्द काटेकोर पाळा. ‘पप्रिका’ व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याला तिथला सर्वोच्च पुरस्कार सुवर्णसिंह मिळाला नाही. ऑस्करच्या विचारार्थ पात्र ठरलेल्या यादीत नाव असणे म्हणजे नामांकन नव्हे.

भाषांतर करताना

इंग्रजी लेखाचे भाषांतर करायला हरकत नाही, पण परवान्याच्या अटीनुसार बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यावा लागतो. यंत्राने दिलेला मसुदा मोठ्याने वाचा. ‘क्रिटिकल अक्लेम’चे (समीक्षकांची प्रशंसा) ‘गंभीर प्रशंसा’ होते, ‘डायरेक्टर’चे ‘संचालक’. मृत्युलेखातल्या ‘सर्व्हाइव्ड बाय’चे (मागे परिवार आहे) भाषांतर वाचल्यास पत्नी एखाद्या अपघातातून बचावली असे वाटते. शिवाय इंग्रजी लेखाच्या तळटिपा न उघडता तशाच आणल्या तर तिथली चूकही सोबत येते.

मांडणी, चित्र, जतन

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा. तिच्यात तीन-चार वाक्ये पुरतात आणि खाली नसलेली एकही गोष्ट तिच्यात नको. माहितीचौकटीतल्या तारखा लेखाशी आणि विकिडेटाशी (विकिपीडियाच्या सामायिक माहितीकोशाशी) जुळवा. चित्रपटातली दृश्ये किंवा भित्तिपत्रके कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवू नका, ती प्रताधिकारामुळे हटवली जातात. मुक्त परवान्याचे छायाचित्र नसेल तर चौकट चित्राविना राहू द्या. शेवटी ‘इ.स. १९६३ मधील जन्म’, ‘इ.स. २०१० मधील मृत्यू’ असे वर्ग जोडा.

बदल एका दमात जतन करू नका. एक विभाग, एक जतन, एक ओळीचा सारांश: ‘श्रेय तपासून दुरुस्त केले, जपानमधील प्रदर्शन-तारखा जोडल्या’. कोणाला त्यातले एक वाक्य पटले नाही तर तेवढेच उलटवता येते.

‘ड्रीमिंग मशीन’ या अपूर्ण राहिलेल्या चित्रपटाला स्वतंत्र परिच्छेद द्या. दिग्दर्शित चित्रपटांच्या तक्त्यात तो घेऊ नका. काम पुन्हा सुरू झाल्याच्या अफवेवर कोणी तो तिथे घातला, तर चर्चापानावर निर्मात्यांच्या अधिकृत घोषणेचा दुवा मागा आणि तो मिळेपर्यंत ओळ बाहेर ठेवा.