क्रीटमध्ये खणायला जायचंय? आधी खापरं धुवायला शिका

मिनोअन, म्हणजे ग्रीसच्या क्रीट बेटावरची कांस्ययुगीन संस्कृती, म्हटलं की क्नोसॉसचा राजवाडा आणि बैलावरून झेप घेणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. आमच्या वाट्याला पूर्व क्रीटमधल्या एका वस्तीतलं साधं घर आलं. दगडी भिंती, मातीची जमीन आणि खापरंच खापरं. माझ्या मते पहिल्या उत्खननासाठी यापेक्षा चांगलं काही नाही.

ग्रीसमध्ये सरकारी परवान्याशिवाय कुदळ मारता येत नाही. परदेशी विद्यापीठं अथेन्समधल्या आपापल्या देशाच्या पुरातत्त्व संस्थेमार्फत परवाना घेतात. भारताची अशी संस्था तिथे नाही, त्यामुळे आपण ब्रिटिश, अमेरिकन वगैरे प्रकल्पांत अर्ज करायचा. बहुतेक फील्ड स्कूलना, म्हणजे विद्यार्थ्यांना उत्खनन शिकवणाऱ्या शिबिरांना, फी असते. त्यात जेवणखाण धरलंय का ते आधी विचारा. काम उन्हाळ्यात असतं, पण शेंगेन व्हिसासाठी हाताशी वेळ ठेवा. जमलं तर जाण्याआधी इथल्या एखाद्या उत्खननात हात मळवून घ्या. पुण्यात शिकताना तुडवलेली जमीन आणि वरून पडलेला भराव यांतला फरक मी बोटांनी ओळखायला शिकले. क्रीटमध्ये तेच सगळ्यात जास्त कामाला आलं.

सकाळी उजाडताच काम सुरू होतं आणि ऊन तापलं की थांबतं. संध्याकाळी खापरं धुणं. नवखे याला कंटाळतात, आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण नजर तयार होते ती इथे. शंकूच्या आकाराचे बिनकानाचे छोटे पेले मिनोअन वस्त्यांत ढिगांनी सापडतात. त्यातला एक पालथा करून बघा: चाकावरून दोऱ्याने कापताना उमटलेल्या वळणदार रेषा बुडाशी स्पष्ट दिसतात. आपले कुंभारही भांडं असंच दोऱ्याने कापून उतरवतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती घाई हातात धरता येते. मात्र ब्रश लावण्याआधी विचारा. आत काय साठवलं होतं हे तपासायचं असेल, तर ते भांडं धुवायचंच नसतं. आणि पिशवीवरची चिठ्ठी, म्हणजे खड्डा, थर आणि तारीख, त्याच क्षणी लिहा. चिठ्ठी नसलेलं खापर अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुकं असतं.

थराचं महत्त्व पटायला पूर्व क्रीटमधल्या मोख्लोस या मिनोअन वस्तीचं उदाहरण पुरेसं आहे. थेरा (आजचं सँटोरिनी) बेटावरच्या ज्वालामुखीने क्रीटची संस्कृती बुडवली, असं ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९३९ मध्ये मांडलं होतं. पुढे मोख्लोसला त्या राखेचा थर सापडला, तोही नंतर बांधलेल्या घरांच्या जमिनीखाली! म्हणजे उद्रेकानंतरही लोक तिथे राहत होते, नवी घरं बांधत होते. मोख्लोससारख्या वस्त्यांचा विध्वंस झाला तो नंतर, इ.स.पू. १४५० च्या सुमारास. राखेचा तो पट्टा कुणी मळकट माती समजून घमेल्यात भरला असता तर?

सुटीच्या दिवशी समुद्राऐवजी गुर्निया हे पूर्व क्रीटमधलं मिनोअन गाव गाठा. अथेन्समधल्या अमेरिकन संस्थेत स्त्रियांना उत्खननात वाव नव्हता, तेव्हा अमेरिकन पुरातत्त्वज्ञ हॅरिएट बॉइड स्वतः क्रीटला गेल्या आणि १९०१ ते १९०४ या काळात त्यांनी हे अख्खं गाव उजेडात आणलं. उत्खननात जाऊ पाहणाऱ्या मुलींनी त्यांच्याबद्दल जरूर वाचावं. फरसबंद गल्ल्यांतून खालून वर टेकडीकडे चालत जा. घरांच्या भिंती एकमेकींना कशा चिकटल्यात, उंबरे कुठे आहेत ते बघा, आणि वहीत एका तरी घराचा नकाशा स्वतः काढा.