हातोडा नंतर, आधी रंग

माझं पहिलं पातं तेलात बुडवलं तेव्हा 'टिंग' असा बारीक आवाज आला. मला वाटलं, जमलं! बाहेर काढून पुसलं तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. सहा रविवार गेले होते त्यात. तेव्हापासून कुणी विचारलं की सुरी घडवायला शिकायचंय, हातोडा कोणता घेऊ, तर मी म्हणतो: किलोभराचा कुठलाही घे, पण आधी तापलेल्या पोलादाचा रंग ओळखायला शीक.

माझ्या तीन चुका झाल्या होत्या. भंगारातला तुकडा घेतला, त्यात कार्बन किती ते ठाऊक नव्हतं. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करायच्या, आधीच धार कागदासारखी पातळ केली. आणि भर उन्हात भट्टी लावली. उन्हात मंद लाल रंग दिसतच नाही, म्हणून आपण तापवतच राहतो. नवख्याने १०८४ नावाचं साधं पोलाद घ्यावं. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो आणि बारीकसारीक चुका ते पोटात घालतं. धारेची जाडी नाण्याएवढी ठेवा, बाकीचं नंतर घासून काढता येतं. भट्टी सावलीत, अंधाराकडे झुकलेल्या कोपऱ्यात लावा.

ठोकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते हातालाच कळतं. एकच गंमत सांगतो. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पातं केळ्यासारखं पाठीकडे वाकतं. म्हणून आधीच उलट बाजूला थोडा बाक द्यायचा. लाली गेली की हात थांबवा. पोलादातूनच फुलबाज्या उडायला लागल्या तर तेवढा भाग जळाला समजा आणि कापून टाका.

खरी परीक्षा पाणी देताना. (म्हणायचं पाणी, वापरायचं तेल, साधारण ५० अंशांवर कोमट केलेलं.) ७७० अंशांच्या आसपास पातं चुंबकाला चिकटेनासं होतं. १०८४ ला त्याच्याही थोडं वर, ८१५ पर्यंत न्यायचं असतं. पण अंधारात नीट पाहिलं तर चुंबकाचीही गरज पडत नाही. लाल पात्याच्या आत एक काळसर सावली सरकताना दिसते, कारण पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता गिळतं. ती सावली पूर्ण विरली आणि रंग सगळीकडे सारखा झाला की लगेच तेलात. टोक खाली, पातं सरळ, हलवायचं ते धार-पाठ दिशेने. आडवं हलवलंत तर वाकलंच. मला ती सावली पहिल्यांदा दिसली नवव्या पात्याला.

मग कानस फिरवून बघा. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं कडक झालंय. वर भट्टीत चढलेला काळा खवला असतो आणि त्याखालचा पातळ थर मऊ असतो, ते आधी थोडं घासून घ्या, नाहीतर उगाच निराश व्हाल. या अवस्थेत पातं फरशीवर पडलं तर तुकडे होतील, म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजा. वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चढतो.

'ठोकून पोलाद घट्ट होतं' असं ऐकवणारे भेटतील. आजच्या पोलादाबाबत ते खरं नाही, पट्टीतून नुसती घासून काढलेली सुरीही तितकीच कडक होते. हाताने घडवलेल्या सुरीची ओढ मला वेगळ्या कारणाने वाटते. मुठीपाशी जाड असलेली पाठ टोकाकडे निमुळती होत जाते आणि सुरी बोटांत तोललेली राहते. हा उतार घासूनही काढता येतो, पण घडवताना फारसं पोलाद वाया न घालवता मिळतो.

पहिली तीन पाती शिकंज्यात धरून मुद्दाम मोडा. डोळ्यांना चष्मा, पात्यावर जाड फडकं. तुटलेल्या कडेवर साखरेसारखे दाणे चमकले तर जास्त तापवलंत. चिनीमातीच्या फुटक्या कपासारखी करडी, मऊसर कड दिसली तर चौथ्या पात्याला मूठ बसवायला हरकत नाही.