उपग्रहाने मोजलेलं हवेचं तापमान किती चुकतं? कोल्हापुरासाठी हिशेब

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, म्हणजे जमिनीलगत दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. इन्सॅट-3डीआर या भारतीय हवामान उपग्रहाच्या साउंडरच्या (वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान आणि आर्द्रता टिपणाऱ्या उपकरणाच्या) फाइलीत 1000 हेक्टोपास्कलची ओळ दिसलीच, तर आधी ती खोडा. ती पातळी जमिनीखाली आहे.

ताडून बघायला रेडिओसाँडचा, म्हणजे वर चढताना हवा मोजत जाणाऱ्या उपकरणाचा, फुगा लागतो. पणजीचा धरा, सरळ रेषेत सुमारे 140 किमी, वेळ सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचची. पण कोल्हापूरचा पिक्सेल (उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका) आणि पणजीचा फुगा अशी थेट वजाबाकी करू नका. घाटाखालच्या दमट हवेचा फरकही उपग्रहाच्या माथी बसतो. पिक्सेल आणि फुगा यांच्या जोड्या पणजीजवळच जमवा: 50 किमी आणि एक तासाच्या आत, ढग नसलेले पिक्सेल, समुद्रावरचे वेगळे, जमिनीवरचे वेगळे. फुगा दर काही मीटरला मोजतो, साउंडरला मात्र जाड थरच दिसतो. म्हणून फुग्याच्या नोंदींची सरासरी तापमानासाठी 1 किमी आणि आर्द्रतेसाठी 2 किमीच्या थरांत काढा, मग उपग्रह वजा फुगा.

समजा, 500 हेक्टोपास्कलला या फरकांचं प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) 2.0 केल्विन आलं. ते सगळं उपग्रहाचं नव्हे. फुगा सेकंदाला साधारण 5 मीटर चढतो. 500 हेक्टोपास्कलची पातळी, म्हणजे साधारण 6 किमी, गाठायला 20 मिनिटं लागतात, आणि वारा सेकंदाला 10 मीटर असेल तर तेवढ्यात तो 12 किमी सरकतो. जागा-वेळेची ही तफावत ईआरए5 मधून (निरीक्षणं आणि हवामान मॉडेल जुळवून केलेल्या जागतिक नोंदींतून) काढा: फुग्याच्या जागी-वेळी आणि पिक्सेलच्या जागी-वेळी तापमान घेऊन वजा करा. त्याचं विचलन 1.0 आलं आणि फुग्याची स्वतःची चूक 0.5 धरली, तर 4 − 1 − 0.25 = 2.75, वर्गमूळ 1.66 केल्विन. वजाबाकी वर्गांची, 2.0 − 1.0 − 0.5 करून अर्ध्या केल्विनवर खूश होणारे बरेच भेटतात. ईआरए5 बारीक चढउतार गुळगुळीत करतं, त्यामुळे खरी चूक 1.66 पेक्षा थोडी कमीच असेल.

हा आकडा 700 हेक्टोपास्कलच्या पातळीहून उंच हवेत कोल्हापूरला लावायला हरकत नाही. खाली नाही, तिथे जमीन आड येते. 11 मायक्रॉन तरंगलांबीला, 300 केल्विनजवळ, प्रारणात (जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांत) 1 टक्का चूक म्हणजे सुमारे 0.7 केल्विन. उभ्या उसाची उत्सर्जकता (असं प्रारण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त 1) 0.98 धरली आणि तोडणीनंतर उघडं रान 0.96 वर आलं, तर जमिनीचं तापमान केल्विनभर कमी निघू शकतं. रिट्रीव्हल, म्हणजे प्रारणावरून तापमान काढणारा हिशेब, स्वतः चालवत असाल तर उत्सर्जकता 0.02 ने हलवून पुन्हा चालवा; खालच्या थरांचं उत्तर जेवढं हलेल तेवढी चूक तिच्या नावावर. गळीत हंगामाचे महिने बाकीच्यांत मिसळू नका.

पावसाळ्यात स्वच्छ पिक्सेल बोटांवर मोजण्याइतके. 10 जोड्या आणि विचलन 2.0 असेल तर सरासरी फरकच 0.6 केल्विनने डळमळीत. त्यात अर्धवट ढगाळ पिक्सेल चाळणीतून निसटला की फरक उणे बाजूला झुकतो. सरासरीबरोबर मध्यकही काढा, आणि दोन्हींत अंतर दिसलं की आधी ढग शोधा.