जांभ्यावर सायकल चालवायची तर

डोंगरावर सायकल न्यायची ठरवून दुकानात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सस्पेन्शनचा. किती मिलिमीटरचं हवं, पुढेच पुरे की मागेही? मी गोव्यातल्या साखळी शहरात सायकली दुरुस्त करतो, सवड मिळाली की सत्तरी आणि डिचोलीचे डोंगर पालथे घालतो, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: सस्पेन्शनचं नंतर बघू, आधी जांभा, म्हणजे आपल्याकडचा लाल कातळ, ओळखायला शिका. पुढे चांगला सस्पेन्शन फोर्क असलेली आणि मागे सस्पेन्शन नसलेली साधी हार्डटेल आपल्याकडच्या बहुतेक वाटांना पुरते. जमीन वाचता आली नाही तर महागडी सायकलही आडवी होते.

आपल्याकडे माथ्यावर उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, उतरणीवर काजू आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने सुपारी-नारळाची कुळागरं. पूर्वेला सह्याद्रीकडे सरकलात की दाट रान सुरू होतं, आणि सत्तरीतला सोनसोगोर 1166 मीटरवर जातो. सकाळच्या एकाच फेरीत उन्हात तापलेला कातळ, पाचोळ्याची सावली आणि ओली माती असं सगळं चाकाखालून जातं. शिवाय तोच उतार जूनमध्ये एक असतो, नोव्हेंबरात दुसरा आणि मार्चमध्ये तिसराच. म्हणून नवी वाट आधी पायी चालून बघा. हे मी शिकाऊ मुलांनाच सांगतो असं नाही, स्वतःही करतो.

पावसाळ्यात नवीन माणसाने उतरणीच्या वाटा सोडून द्याव्यात. सड्यावर जायचंच असेल तर कातळाचा रंग बघा. तांबूस, खरखरीत दिसतो तिथे टायर ओल्यातही धरतं. काळपट किंवा हिरवट चकाकी असेल तर ते शेवाळ. तिथे ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, चाक सरळ ठेवून पार व्हायचं. आणि या दिवसांत गाडीच्या चाकोरीतूनच जा. सड्यावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुललेले असतात. ती माती इतकी पातळ की एका टायरच्या ओरखड्याने पाण्याचा ओघ बदलतो आणि तो पट्टा उघडा पडतो. फोटोसाठी त्यातून सायकली घालणारे मला अजिबात आवडत नाहीत.

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. माती घट्ट बसलेली असते, वळणावर चाक विश्वासाने टेकवता येतं. पण याच काळात सड्यावर गवत कमरेपर्यंत उभं असतं, आणि त्यात चिरेखाणी लपलेल्या असतात. घरांसाठी चिरे कापून नेले की मागे खड्डा राहतो तो उताराचा नसतो. यंत्राने कापलेली उभी भिंत असते, दोन-तीन पुरुष खोल, तळाला पावसाचं साचलेलं पाणी. जुन्या खाणींना कुंपण क्वचितच असतं. सायकलवरून बघाल तर गवताचा माथा सलग दिसतो, खड्डा दिसतच नाही. खुणा मात्र असतात: चिऱ्यांचे तुकडे आणि लाल भुशाचे ढीग, अचानक संपणारी ट्रकची चाकोरी, गवतात मध्येच उगवलेला झाडाचा शेंडा. तो शेंडा म्हणजे खाली खड्ड्यात वाढलेलं झाड असू शकतं. यातलं काहीही दिसलं की उतरा आणि सायकल हातात धरून पुढे जा. गवत सुकून बसेपर्यंत सड्यावर मळलेली वाट सोडायची नाही.

जानेवारीनंतर जमीन सुटी होते. जांभ्याचे बारीक गोल खडे कडक कातळावर पसरतात आणि फरशीवर वाटाणे सांडावेत तसं चाकाखालून सगळं पळतं. इथे पडणारे बहुतेक जण वळणाच्या आत पुढचा ब्रेक दाबून पडतात. वेग वळणाच्या आधी, चाक सरळ असतानाच कमी करा. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू दाबत आणा. वळणात शिरलात की पुढचा सोडून द्या. बाहेरच्या बाजूचा पेडल खाली, त्यावर अंगाचं वजन, सायकल आत झुकवा पण स्वतः झुकू नका. नजर खड्यांवर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. मागचं चाक थोडं सरकेल, सरकू द्या. घाबरून हँडल घट्ट आवळलंत की मग मात्र सावरणं अवघड.

सरळ उतारावर सीट खाली घ्या, चालवताना सीट खालीवर करणारा ड्रॉपर नसेल तर थांबून हाताने. टाचा खाली, गुडघे आणि कोपर सैल, छाती थोडी हँडलकडे. पार मागच्या चाकावर जाऊन बसलात तर पुढचं चाक हलकं होतं आणि आपलं ऐकत नाही. चढावर कातळाच्या पायऱ्या लागतात, तिथे पूर्ण फेरा मारायला गेलात तर पेडल दगडावर आपटतो. पाव फेरा पुढे, थोडं मागे, परत पाव फेरा, असं करत चढायचं. हे घराजवळच्या दोन चिऱ्यांवर आठवडाभर घोटवता येतं.

टायर 2.3 इंचांच्या आसपास रुंद घ्या. जांभ्याची कड धारदार असते. हवा कमी असली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असेल तर 28 ते 32 पीएसआय ठेवावं. ट्यूबलेस असेल तर पुढे 22 आणि मागे 25 च्या आसपास, तेवढ्यात पकड खूप सुधारते. करवंदीच्या काट्यांसाठी तर ट्यूबलेसच करा, टायरच्या आत ओतलेलं पातळ सीलंट बारीक भोक आपोआप बुजवतं. आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा.

आता वाट कुणाची आहे, याबद्दल. डोंगरावरची एकही वाट सायकलवाल्यांनी पाडलेली नाही. गुरं नेणाऱ्यांनी, काजूवाल्यांनी, देवाला जाणाऱ्यांनी ती पाडली. मार्च ते मे काजूचा हंगाम. पावणीत, म्हणजे लिलावात, डोंगर घेतलेल्या कुटुंबाची वर्षाची कमाई तेव्हा झाडाखाली पडलेली असते. बोंडूवरून, म्हणजे काजूच्या फळावरून, चाक घसरतंच, आणि कुणाचं तरी पीकही चिरडतं. या महिन्यांत मी काजूच्या उतारावर सायकल चालवत नाही, हातात धरून जातो. समोर कुणी दिसलं तर आधी थांबा. "मावशी, इथून खाली व्हाळाकडे उतरता येईल का?" एवढं विचारलंत तरी कुठे झाड आडवं पडलंय, कुठे गवे पाण्यावर येतात, सगळं कळतं. ते कुठल्याच नकाशात नसतं. देवराई लागली तर उतरून चाला, आणि गावाचा नियम असेल तर चपला-बूट बाहेर ठेवा.

अभयारण्यांत आपल्या मनाने शिरायचं नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, मोलेचं भगवान महावीर, सगळीकडे आधी वन खात्याला विचारा; कुठली वाट खुली आणि कुठली बंद, ते तेच सांगतील. सुरुवात आपल्याच गावच्या सड्यापासून करा. समुद्राकडचे असाल तर काणकोणात काब द रामचा सडा मोकळा आणि सौम्य आहे, फक्त कड्यापासून लांब राहा. केरीहून चोर्ला घाट रस्त्याने चढणं व्यायामाला उत्तम, पण वाहतूक खूप, म्हणून उजाडता उजाडता निघा आणि मागे लाल दिवा लावा.

गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, मागे सरका आणि त्याला जाऊ द्या. एकटा नर असेल तर अंतर दुप्पट ठेवा. सड्यावर फुरसं असतं, दगडाखाली हात घालू नका आणि दगडावर बघितल्याशिवाय बसू नका. साप चावलाच तर जखम कापणं, करकचून बांधणं काही करायचं नाही. माणसाला हलू न देता 108 ला फोन लावायचा. रानात रेंज नसते, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. प्रत्येकी दोन लिटर पाणी, त्यात मीठ-साखर.

डिसेंबर ते मे गोचिडींची काळजी घ्या. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले. पाचोळ्यात बसणं टाळा. कुठे माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात आणि अंग नीट तपासून आंघोळ. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

मग सायकल. जांभ्याची लाल माती साखळीत आणि ब्रेकमध्ये पॉलिशपेपरचं काम करते. साध्या पाइपने, जोर न लावता धुवा. बेअरिंगवर पाण्याचा मारा केलात तर आतलं ग्रीस निघून जातं. साखळी पुसून कोरडी झाल्यावरच तेल, पावसात ओलं (वेट ल्यूब), उन्हाळ्यात कोरडं (ड्राय ल्यूब). पावसाळ्यात चालवत असाल तर ब्रेकचे मेटल पॅड घ्या. लाल चिखलात रेझिनचे फार लवकर झिजतात. पॅडचा थर एक मिलिमीटरवर आला की बदलून टाका, पुढच्या फेरीची वाट बघू नका.