गाडीचा हीटर गरम होत नाही? आधी या चुका टाळा

‘मुंबईत हीटर लागतोच कुठे?’ गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं की पुढचा अंदाज येतो. गाडीत कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नळाचं पाणी असणार, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व) काढलेला असणार आणि मालक लवकरच मनालीला निघालेला असणार. या शहराचं नीचांकी तापमान 7.4 अंश, तेही 1962 च्या जानेवारीतलं. म्हणून हीटर कुणाला आठवत नाही. पण पावसाळ्यात घाट चढताना काच आतून धुरकट झाली, की एसीसोबत थोडी गरम हवा काचेवर सोडावी लागते. शिवाय हीटरमध्ये फिरतं ते इंजिनाचंच गरम कूलंट. हीटर गार पडला तर पुष्कळदा दुखणं इंजिनाच्या कूलिंगमध्ये असतं.

माझा सगळ्यात जास्त राग थर्मोस्टॅट काढून टाकण्यावर आहे. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली, की पंखा, रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी), त्याची कॅप यातलं काहीही न तपासता तो काढला जातो. कारण काय, तर ‘मुंबईच्या गरमीत गरज नाही.’ हा वॉल्व बहुतेक गाड्यांत 80 ते 90 अंशांच्या आसपास उघडतो. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर हवं तेवढं तापतं. तो नसला की हायवेच्या वाऱ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. इंधन जास्त जातं, हीटर कोमट राहतो. काही इंजिनं तर वॉल्व काढल्यावर उलट जास्तच तापतात, कारण रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट उघडी राहते.

मुलुंडचे एक गृहस्थ सेकंडहँड डिझेल गाडी घेऊन कुटुंबासह डिसेंबरात मनालीला गेले. रात्री फोन आला, “दादा, हीटरमधून गार वारा येतोय, पोरं कुडकुडतायत.”

“टेम्परेचरचा काटा कुठे आहे?”

“अर्ध्याच्या बराच खाली.”

“गाडी थांबली की थोडं गरम येतं का?”

“हो, पळायला लागली की परत गार.”

मी त्यांना रेडिएटरच्या अर्ध्या भागापुढे पुठ्ठा लावायला सांगितला आणि काट्यावरची नजर हलवू नका, असं बजावलं. तेवढ्यावर प्रवास निभावला. इथे आल्यावर थर्मोस्टॅटचं हाउसिंग खोललं तर आत वॉल्वच नव्हता. वाटेतल्या एका गॅरेजने त्यांना डॅशबोर्ड उतरवून हीटर कोर (केबिनची हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) बदलायला सांगितलं होतं! नवा थर्मोस्टॅट बसवला आणि काम झालं.

थांबल्यावर गरम, पळताना गार, असं असेल तर आधी थर्मोस्टॅट बघा. पळताना गरम आणि सिग्नलला गार, तर कूलंटची लेव्हल, एअर लॉक (कूलंटमध्ये अडकलेली हवा) आणि वॉटर पंप बघा.

दुसरी चूक नळाच्या पाण्याची. ‘इथे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?’ कारण ते गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतं. साध्या पाण्याने गंज आणि क्षार साचतात, आणि हीटर कोरच्या बारीक नळ्या सगळ्यात आधी चोंदतात. मी कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं घालतो. तयार मिश्रण असेल तर तसंच. चोंदलेला कोर उलट्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने, धीराने धुवावा लागतो. घाईघाईत कॉम्प्रेसरची हवा मारली की कोर फुटतो, कूलंट गालिच्यावर उतरतं आणि मग डॅशबोर्ड खरंच उतरवावा लागतो.

कोर चोंदलाय का, हे ओळखायला इंजिन तापवून बंद करा, टेम्परेचर पूर्ण गरमवर ठेवा आणि फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जाणारे हीटरचे दोन्ही होज पाइप जपून चाचपा. एक गरम, दुसरा गार असेल तर कोर चोंदलाय किंवा हीटर वॉल्व बंद आहे. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डमधला गरम-गार हवा वळवणारा फ्लॅप तपासा. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा लेव्हल. हे न करता पार्ट मागवणाऱ्यांना मी परत पाठवतो.

काही गाड्यांत गळका कोर बदलण्याऐवजी दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकलेले असतात. सेकंडहँड गाडी घेताना हे बघाच.

इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका, हात भाजतो.

कूलंट भरल्यावर हवा काढायची राहून जाते. गार इंजिनात, गाडीचं तोंड चढाला ठेवून, टेम्परेचर पूर्ण गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत आयडलवर चालवा.

केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर, म्हणजे कोर गळतोय.

आणि ब्लोअरचा वाराच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा.