पुराआधी ओबीएमची देखभाल: मे महिन्यात उरकायची कामं

कोल्हापुरात बोटीचं इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली आउटबोर्ड मोटर किंवा ओबीएम, वर्षातले दहा-अकरा महिने ताडपत्रीखाली पडून असतं आणि जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री ते दोन ओढींत सुरू व्हावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की चिखली-आंबेवाडीच्या बाजूला बोटी तयार लागतात. ४३ फुटांच्या धोका पातळीला कार्बोरेटर उघडून बसायला सवड नसते. इथलं ओबीएम चालून झिजतं त्यापेक्षा पडून जास्त खराब होतं. म्हणून देखभालीचा सगळा भर दोन जागांवर ठेवायचा, पेट्रोलची वाट आणि पाण्याचा पंप.

पुढची माहिती २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या, दोन सिलिंडरच्या, दोरीने सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून आहे. रबरी आणि फायबर बचावबोटींवर बहुतेक हीच इंजिनं असतात. एखादा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा वेगळा दिसला तर मॅन्युअलचाच धरा.

पेट्रोल

गेल्या पावसाळ्यातलं उरलेलं पेट्रोल वापरू नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते तयार होतं, पण बऱ्याच ओबीएमच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची आहे, हे विसरून चालत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिन पेट्रोल ओढतं तळातून, म्हणजे त्याला विनाऑइलचं मिश्रण मिळतं आणि पिस्टन जाम होतो. यावर उपाय एकच: थोडं मिसळा, ताजं मिसळा, महिन्याच्या आत संपवा. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला तर उत्तम. खर्चाच्या मानाने त्याचा उपयोग मोठा आहे.

ऑइलचं प्रमाण साधारण ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिलि. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि. आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, टाकी हलवायची आणि मग उरलेलं पेट्रोल. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनलेलं असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांत बसते.

रबरी नळी बोटांनी वाकवून पाहा. भेगा दिसल्या किंवा नळी चिकट लागली तर लगेच बदला. हाताने दाबायच्या फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. फुगा दाबत गेल्यावर कडक झाला पाहिजे. होत नसेल तर कुठून तरी हवा ओढली जाते, आणि दोष बहुधा कनेक्टरमधल्या ओ-रिंगचा असतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा. तो बंद राहिला की इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि भर प्रवाहात बंद पडतं. पुष्कळदा ‘इंजिन खराब आहे’ म्हणून परत आणलेल्या बोटीत दोष एवढाच निघतो.

कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. खाली पाण्याचे थेंब किंवा पिवळा चिकटा दिसला तर वाटी उघडून जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा आणि हवेने फुंका. जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

प्लग

दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. तपकिरी, किंचित तेलकट टोक चांगलं. एक कोरडा आणि एक काळा-ओला असेल तर ओल्याकडे ठिणगी नाही किंवा कोरड्याकडे पेट्रोल पोचत नाही. गॅप फिलर गेजने मोजा: बी७एचएस प्लगला साधारण ०.६ ते ०.७ मिमी, शेवटी १० हा आकडा असलेल्याला १ मिमी. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा फेरा. त्याहून जास्त आवळलात तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. नव्या प्लगचा एक जोड बोटीतच पिशवीत बांधून ठेवा.

पाण्याचा पंप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लेगच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागाच्या, आत रबरी पात्यांचा इम्पेलर असतो, तोच नदीचं पाणी वर इंजिनाला पोचवतो. महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून राहिल्याने त्याची पाती वाकलेलीच राहतात, आणि पुराच्या गढूळ पाण्यातली वाळू त्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून दर वर्षी नवा इम्पेलर टाका, जुना बरा दिसला तरी.

इंजिन न्यूट्रलला घ्या, किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आणि प्लगच्या टोप्या काढून ठेवा. गिअर रॉडचा जोड सोडा, लेगचे बोल्ट काढा आणि लेग सरळ खाली ओढा. पंपाच्या कवचाचे चार बोल्ट काढले की इम्पेलर दिसतो. शाफ्टवरची छोटी चावी हरवू देऊ नका, खाली फडकं पसरा. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. तो पाण्याच्या नळीतून वर ब्लॉकमध्ये जाऊन अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. खालच्या स्टीलच्या प्लेटवर नख फिरवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर प्लेटही बदला.

नव्या इम्पेलरला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगतं. शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत कवच हलकेच खाली दाबा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण माथ्यावर नको, नाहीतर शाफ्ट पूर्ण बसत नाही. लेग चढवताना पाण्याची नळी कवचाच्या तोंडात नेमकी गेली पाहिजे. शेवटी बोट ढकलणारा बाहेरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवत पुढचा, न्यूट्रल आणि मागचा गिअर पडतात का बघा.

शिवाजी उद्यमनगरात पिन, बुश, शाफ्ट जे हवं ते वळून मिळतं आणि पंख्याचं मोडलेलं पातंही वेल्ड होतं. इम्पेलर मात्र मूळ कंपनीचाच घ्या. कापून बनवलेल्या रबराला ती लवचीकता येत नाही. हा भाग मागवायला वेळ लागतो, म्हणून मेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

गिअर ऑइल आणि पंखा

लेगला दोन स्क्रू असतात. आधी खालचा काढा, मग वरचा. ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय. सील बदलल्याशिवाय नवं ऑइल घालणं व्यर्थ आहे. बारीक करडी भुकटी चालते, टोचणारे तुकडे निघाले तर गिअर उघडावा लागेल. नवं ९० नंबरचं हायपॉइड ऑइल खालच्या भोकातून भरा, वरून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. मग वरचा स्क्रू आधी बंद करा, खालचा नंतर. दोन्हींचे वायसर नवे.

सील फाटण्याचं नेहमीचं कारण पंख्यामागे गुंडाळलेली दोरी किंवा नायलॉनचा धागा. पंचगंगेत जलपर्णी असते आणि पूर शेतांवर चढला की कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, ऊस सगळंच पाण्याखाली असतं. पंखा काढा, शाफ्टवरची गुंतावळ कापा, दात्यांना वॉटरप्रूफ ग्रीस लावा आणि कॉटर पिन नवी घाला.

चाचणी

पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही सुरू करू नका, नवा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. मोठ्या पिंपात लेग उतरवा, पंखा काढून ठेवा, पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) चांगलं वर हवं. सुरू होताच मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. मिनिटभरात आली नाही तर बंद करा आणि भोकात बारीक तार फिरवा. तरीही धार नसेल तर पंप पुन्हा उघडा. दहा-पंधरा मिनिटं चालवा, किल स्विचची दोरी ओढून इंजिन खरंच बंद होतं का बघा. स्टार्टरची दोरी पूर्ण बाहेर काढून तिचे धागे तपासा. ट्रान्समवरचे (बोटीच्या मागच्या फळीवरचे) क्लॅम्प आवळा आणि इंजिनाला वेगळी साखळी बांधा.

पुरात काम चालू असताना प्रत्येक फेरीनंतर पाणी आत घेणाऱ्या जाळीवरची जलपर्णी काढा, इंजिन बंद करून. संध्याकाळी दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात चालवून गाळ धुवा.

इंजिन पाण्यात बुडालं तर सुरू करायचा प्रयत्न करू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, प्लग काढा, भोकं खाली करून पाणी निथळू द्या. दोरी अगदी हळू ओढा. करकर लागली तर आत वाळू आहे, तिथेच थांबा. मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर पॉवरहेड (इंजिनाचा वरचा सिलिंडरचा भाग) स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. उघड्या हवेत काही तासांत बेअरिंगना गंज धरतो.

ऑक्टोबरमध्ये ठेवून देताना पिंपात न्यूट्रलला चालू असताना पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. प्रत्येक प्लगच्या भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घालून दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. ग्रीस भरायच्या सगळ्या निपलांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. इंजिन स्टँडवर उभं ठेवा. आडवं ठेवावंच लागलं तर हेडची बाजू लेगपेक्षा वर राहील असं टेका, नाहीतर लेगमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.